लोकवर्गणीचा ताळेबंद

सार्वजनिक कामासाठी सर्वांनी ऐपतीप्रमाणे पैसा द्यायचा आणि काहींनी बिनपगारी वेळ द्यायचा, ही महाराष्ट्रातील सेवाकार्याची जुनी रीत आहे. देवळाचा जीर्णोद्धार, तालमीची दुरुस्ती, सप्ताहाचा महाप्रसाद इथपासून शाळा, वसतिगृहे, रुग्णालये आणि रक्तपेढ्यांपर्यंत असंख्य कामे या रीतीने उभी राहिली. आज या क्षेत्रात गणेश मंडळे, महिला मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ, रोटरी-लायन्ससारखे सेवाक्लब, महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे गट आणि नोंदणीकृत विश्वस्त संस्था एकाच वेळी वावरत असतात. त्यांची भाषा, पोशाख आणि बैठकीची जागा वेगळी असली, तरी प्रत्येकापुढचे प्रश्न सारखेच असतात. पैसा कुठून आणायचा, माणसे कशी टिकवायची, गरज नेमकी कशी ओळखायची आणि घेतलेल्या पैशाचा हिशेब कोणाला द्यायचा? शेवटचा प्रश्न ज्यांनी नीट सोडवला, त्यांना पहिल्या तिन्हींची उत्तरे पुष्कळदा आपोआप मिळत गेली.

क्लब येण्याआधीची वर्गणी

आधुनिक अर्थाने सार्वजनिक वर्गणीची सवय महाराष्ट्राला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लागली. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचे एक प्रमुख संस्थापक गणेश वासुदेव जोशी यांना लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणूनच ओळखू लागले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आली आणि तिच्यासाठी निधी जमवणे हा तिच्या आजीव सदस्यांच्या कामाचा भाग ठरला. १८९३ पासून गणेशोत्सव चौकात आला आणि त्याबरोबर वर्गणीची वही घराघरांत पोहोचली.

याच काळातला सर्वांत धाडसी प्रयोग म्हणजे पैसा फंड. अंताजी दामोदर काळे यांनी मांडलेली आणि लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलेली ही कल्पना अगदी साधी होती. प्रत्येकाने वर्षाला निदान एक पैसा द्यावा आणि जमलेल्या रकमेतून देशी उद्योग उभे करावेत. या फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला आणि तिथे काचकामाचे शिक्षणही दिले जाऊ लागले. देणगीचा आकार इतका लहान ठेवला, की गरिबातला गरीबही देणगीदार झाला आणि कारखान्यावर आपला हक्क सांगू लागला.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्यास नेला. त्या कामासाठी त्यांनी आणि पार्वतीबाई आठवले यांनी गावोगाव फिरून निधी जमवला. पार्वतीबाई तर त्यासाठी अमेरिकेपर्यंत गेल्या. या संस्थेचा भाऊबीज निधी आजही दिवाळीच्या सुमारास गोळा होतो. घरोघरच्या भावांनी ओवाळणीतला वाटा या लेकींसाठी काढून ठेवावा, ही त्यामागची कल्पना. सणाशी बांधल्यामुळे ही देणगी वर्षानुवर्षे न चुकता येत राहिली. पंचाहत्तरी ओलांडल्यावरही कर्वे खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी हिंडून छोट्या छोट्या रकमा मागत असत.

१९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या भाऊराव पाटलांनी पैसा नसलेल्या घरांतूनही वर्गणी घेतली. जात्यावर बसण्याआधी बाईने मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी द्यायचे, अशी ती मुष्टिफंडाची योजना होती. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावे झाडली आणि कीर्तनाला जमलेल्या लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा बांधल्या. त्या धर्मशाळांवर त्यांनी स्वतःचा वा आप्तांचा हक्क ठेवला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या हवाली केली.

सेवेला पूर्णवेळ व्रताचे रूप देण्याचा प्रयत्नही याच भूमीत झाला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्याचे सदस्य ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढून गिरणगावात वाचनालये, रात्रशाळा आणि दवाखाने चालवले. रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने स्त्रियांना शिक्षिका आणि परिचारिका म्हणून उभे केले. थोडक्यात, परदेशी धर्तीचे क्लब येण्याआधीच महाराष्ट्रात वर्गणी, स्वयंसेवा आणि संस्था या तिन्ही गोष्टी रुळलेल्या होत्या.

रोटरी, लायन्स आणि जायंट्स

रोटरीचा जन्म २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात झाला. पॉल हॅरिस या वकिलाने वेगवेगळ्या व्यवसायांतल्या तीन परिचितांना एकत्र बोलावले. बैठक दर वेळी पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत होई, त्यावरून क्लबला हे नाव पडले. सुरुवातीचा हेतू ओळखीपाळखी आणि व्यवसायवाढ हाच होता. सेवेचे काम नंतर आले. शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहे व्हावीत म्हणून केलेला पाठपुरावा हा या क्लबचा पहिला मोठा सार्वजनिक उपक्रम मानला जातो. भारतात रोटरी आधी कोलकात्यात आली आणि १९२९ मध्ये मुंबईत तिचा क्लब निघाला.

लायन्सची स्थापना १९१७ मध्ये शिकागोच्याच मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने झाली. १९२५ च्या अधिवेशनात हेलन केलर यांनी अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले आणि दृष्टीसंबंधीचे काम ही या संघटनेची ओळख बनली. भारतात लायन्स १९५६ मध्ये मुंबईतून सुरू झाले. मिरजेच्या लायन्स नॅब नेत्र रुग्णालयासारख्या संस्था या ओळखीतूनच उभ्या राहिल्या. जगभरात आज रोटरीचे सुमारे १२ लाख आणि लायन्सचे सुमारे १४ लाख सदस्य आहेत.

या दोन परदेशी धर्तींच्या शेजारी मुंबईत जन्मलेली तिसरी संघटनाही आहे. पुढे मुंबईचे नगरपाल झालेले नाना चुडासामा यांनी १९७२ मध्ये जायंट्स इंटरनॅशनल सुरू केली. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत जायंट्स ग्रुपचे फलक दिसतात ते याच संघटनेचे. तरुणांसाठी जेसीज, महाविद्यालयीन वयासाठी रोटरॅक्ट, शाळकरी मुलांसाठी इंटरॅक्ट आणि लायन्सचे लिओ क्लब अशा शाखाही आहेत.

स्त्रियांचा प्रवेश मात्र उशिरा झाला. रोटेरियनांच्या पत्नींनी १९२४ मध्ये मँचेस्टरला काढलेला इनरव्हील क्लब हाच दीर्घकाळ त्यांचा मार्ग होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दिलेल्या निकालानंतर रोटरीला आपले दार उघडावे लागले आणि १९८९ मध्ये घटनेतून पुरुषांची अट गेली. लायन्सनेही १९८७ मध्येच स्त्रियांना सदस्यत्व खुले केले. तोवर महाराष्ट्रातल्या महिला मंडळांनी आणि भिशी मंडळांनी आपापल्या गल्लीत बालवाड्या, शिवणवर्ग आणि गरजू मुलींच्या फीची सोय कितीतरी वर्षे चालवली होती. क्लबांच्या अहवालात त्याची नोंद नसते, एवढेच.

क्लबचा कारभार

रोटरी आणि लायन्सचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. त्यामुळे जुलै महिन्यात गावोगावी पदग्रहण समारंभांची गर्दी होते. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार ही पदे वर्षभरासाठी असतात. अनेक क्लब मिळून एक प्रांत होतो आणि त्याचा प्रमुख प्रांतपाल. रोटरीच्या प्रांतांच्या सीमा राज्यांच्या सीमांशी जुळतातच असे नाही. पुणे आणि रायगड एका प्रांतात आहेत, तर कोल्हापूर-सांगलीपासून सिंधुदुर्ग, गोवा आणि उत्तर कर्नाटकापर्यंतचा पट्टा दुसऱ्या प्रांतात.

एका वर्षाच्या पदाचे फायदे आणि तोटे दोन्ही आहेत. दर वर्षी नव्या माणसाला संधी मिळते, एकच माणूस खुर्चीला चिकटून राहत नाही. पण प्रत्येक नवा अध्यक्ष आपल्या नावाचा नवा उपक्रम काढू पाहतो आणि आधीच्याने सुरू केलेली अभ्यासिका किंवा डायलिसिस केंद्र पोरके होते. ज्या क्लबांचे काम टिकले, त्यांनी यावर एक उपाय शोधला. कायमच्या प्रकल्पासाठी वेगळा विश्वस्त निधी काढायचा आणि त्याचे विश्वस्त अध्यक्षाबरोबर बदलायचे नाहीत.

पैशाच्या बाबतीत या क्लबांची एक शिस्त सर्वच मंडळांनी उचलावी अशी आहे. सदस्यांच्या वार्षिक वर्गणीतून बैठका, जेवण, टपाल आणि प्रांताचा हिस्सा असा प्रशासकीय खर्च भागवायचा. लोकांकडून मिळालेला पैसा मात्र फक्त उपक्रमांवर खर्चायचा. लायन्समध्ये यासाठी दोन स्वतंत्र खाती ठेवावी लागतात. जनतेकडून घेतलेला रुपया जनतेकडेच परत गेला पाहिजे, हा त्यामागचा नियम.

मोठ्या रकमेसाठी रोटरी फाउंडेशनची साखळी कामी येते. सदस्यांनी वार्षिक निधीला दिलेली रक्कम तीन वर्षे गुंतवली जाते आणि त्यानंतर तिच्यातला साधारण निम्मा भाग प्रांताला वापरासाठी परत मिळतो. दोन देशांतील क्लबांनी एकत्र येऊन प्रस्ताव दिला, प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा असला आणि तो ठरलेल्या विषयांत बसला, तर फाउंडेशन त्यात भर घालते. म्हणून तालुक्याच्या रुग्णालयातल्या यंत्रावर कधी कधी परदेशातल्या एखाद्या क्लबचे नाव कोरलेले दिसते.

या साखळीचे सर्वांत मोठे यश म्हणजे पोलिओ निर्मूलन. रोटरीने १९८५ मध्ये ही मोहीम जगभर हाती घेतली. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले आणि सरकारी आरोग्यसेवक, अंगणवाडी सेविका यांच्याबरोबर क्लबांचे स्वयंसेवकही बूथवर बसू लागले. २००९ मध्ये देशात ७४१ मुलांना पोलिओ झाला होता. २०१० मध्ये हा आकडा ४२ वर आला. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. या यशाचे मोठे श्रेय सरकारी यंत्रणेचे आहे. क्लबांनी पैसा, माणसे आणि मुख्य म्हणजे पंचवीस-तीस वर्षे एकाच विषयाला धरून राहण्याची चिकाटी दिली.

पैसा उभा करण्याच्या रीती

स्थानिक निधीसंकलनाची सर्वांत रूढ पद्धत म्हणजे मदतीचा प्रयोग. गाजणारे नाटक ठरावीक रकमेला घ्यायचे, तिकिटे किंवा देणगी प्रवेशिका सदस्यांनी खपवायच्या आणि उरलेली रक्कम कामाला लावायची. यातले गणित उत्साहात विसरले जाते. समजा, ८०० आसनांच्या नाट्यगृहात सरासरी ३०० रुपयांची प्रवेशिका ठेवली आणि सगळ्या खपल्या, तर २,४०,००० रुपये येतात. नाट्यसंस्थेची ठरलेली रक्कम, नाट्यगृहाचे भाडे, छपाई, चहापान आणि मानाचे पास वजा केले, की हातात निम्मेही उरतील याची खात्री नसते. म्हणून मुरलेले खजिनदार खर्च आधी स्मरणिकेतल्या जाहिरातींतून भागवतात आणि तिकिटांचा पैसा अखंड ठेवतात.

मदतीच्या प्रयोगाला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. १९८० च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकारी कलावंतांनी आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगावी करून सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. या निधीच्या व्याजातून पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन देण्याची योजना होती. देणगीचा पैसा बहुधा इमारतीला किंवा यंत्राला मिळतो, काम करणाऱ्या माणसाच्या घरखर्चाला कोणी देत नाही, ही उणीव या निधीने नेमकी हेरली. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी रंगभूमीवर मिळवलेला पैसा अशाच डोळस रीतीने वाटला. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झाले, त्यामागे त्यांची एक लाख रुपयांची देणगी होती.

दुसरी रीत धावण्याची. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि तिच्याबरोबर संस्थांसाठी पैसा उभारण्याची योजना आली. धावणारा एखादी संस्था निवडतो आणि नातेवाइकांना, सहकाऱ्यांना तिच्यासाठी देणगी द्यायला सांगतो. तालुक्याच्या गावांतल्या हिवाळी मॅरेथॉनही आता याच वाटेने जातात. मात्र टी-शर्ट, पदके, न्याहारी आणि वेळ मोजण्याची यंत्रणा यांवर होणारा खर्च प्रायोजकाने उचलला नाही, तर शर्यत होते आणि निधी उरत नाही.

तिसरी रीत विक्रीची. दिवाळीत फराळ, पणत्या, उटणे आणि आकाशकंदील, उन्हाळ्यात पापड-कुरडया, शाळेत आनंदमेळा. विशेष मुलांच्या शाळा आणि महिला बचत गटांची कमाई बऱ्याच प्रमाणात याच काळात होते. रद्दी गोळा करून विकणारी मंडळेही आहेत. पुण्यात दरवर्षी पितृपंधरवड्यात भरणारे ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन याच्या पुढचे पाऊल ठरले. त्यात वेगवेगळ्या भागांतल्या सेवाभावी संस्था आपल्या कामाची माहिती मांडतात आणि देणगीदार त्यांच्याशी समोरासमोर बोलतात. खरेदी टाळण्याचा म्हणून ओळखला जाणारा पंधरवडा अशा रीतीने दानासाठी कामी आला. ‘लोकसत्ता’ दैनिकाने २०११ पासून गणेशोत्सवात निवडक संस्थांची ओळख करून देणारा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम चालवला आणि वाचकांनी धनादेश पाठवले.

चौथी रीत उत्सवाची. मोठी गणेश मंडळे दानपेटीतल्या पैशाला कायम कामाची जोड देतात. लालबागच्या राजाच्या मंडळाचे डायलिसिस केंद्र आणि दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टची ससून रुग्णालयातील रुग्णांसाठीची भोजनसेवा ही त्याची परिचित उदाहरणे. लहान मंडळांचा बहुतेक पैसा मांडव, रोषणाई आणि मिरवणुकीत जातो. वर्गणीची सक्ती ही त्यांच्याबद्दलची सर्वांत जुनी तक्रार आहे. लकी ड्रॉचे तिकीट विकून निधी उभारण्याचा मोहही अनेकांना होतो. राज्य शासनाच्या परवानगीशिवाय अशी सोडत काढणे गुन्ह्यात मोडू शकते, हे पावतीपुस्तके छापून झाल्यावर कळते.

पावतीमागचा कायदा

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांचा कारभार १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली चालतो आणि त्यावर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. नोंदणी नसलेल्या मंडळाला धार्मिक वा धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर कलम ४१ क खाली आधी परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सवाच्या आधी धर्मादाय कार्यालयांत मंडळांची जी रांग लागते ती याच परवानगीसाठी.

नोंदणीकृत संस्थेला दर वर्षी लेखापरीक्षण करून हिशेब सादर करावा लागतो. विश्वस्त बदलले, कोणी निवर्तले किंवा मालमत्ता वाढली, तर ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो. अनेक जुन्या संस्था इथेच अडकतात. परिशिष्टावर दिवंगत विश्वस्तांची नावे तशीच राहतात, बँक नव्यांची सही स्वीकारत नाही आणि हातात पैसा असून काम थांबते.

देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत हवी असेल, तर संस्थेकडे ८०जी खालची मान्यता लागते. या सवलतीसाठी २,००० रुपयांवरची रोख देणगी चालत नाही. रक्कम धनादेशाने किंवा ऑनलाइन द्यावी लागते. शिवाय २०२१ पासून संस्थेने देणगीदारांचे विवरण आयकर खात्याकडे भरणे आणि त्यावरून प्रमाणपत्र देणे आवश्यक झाले. परदेशातून आलेल्या देणगीसाठी परकीय अंशदान कायद्याखालची नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. परदेशातल्या पुतण्याने गावच्या वाचनालयाला पाठवलेली रक्कम परत जाण्याचे कारण बहुधा हेच असते.

कंपन्यांचा पैसा २०१४ पासून मोठ्या प्रमाणात या क्षेत्रात आला. ५ कोटींचा निव्वळ नफा, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता यांपैकी एक निकष लागू होणाऱ्या कंपनीने सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत, असे कंपनी कायद्याचे कलम १३५ सांगते. त्यामुळे पुणे, मुंबई, नाशिकच्या औद्योगिक पट्ट्यांतील संस्थांना बळ मिळाले. कारखाने नसलेल्या तालुक्यांना मात्र आजही लोकवर्गणीचाच आधार आहे.

शिबिरांचे वेळापत्रक

सेवा उपक्रम म्हटले की पहिले नाव येते रक्तदान शिबिराचे. १८ ते ६५ वयाची, किमान ४५ किलो वजनाची आणि हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम असलेली निरोगी व्यक्ती रक्त देऊ शकते. पुरुषाने दोन रक्तदानांत ९० दिवसांचे आणि स्त्रीने १२० दिवसांचे अंतर ठेवायचे असते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले आणि रक्तपेढ्यांचा सारा भार ऐच्छिक रक्तदात्यांवर व रुग्णांच्या नातेवाइकांवर आला.

अडचण रक्ताच्या आयुष्याची आहे. लाल पेशी वापरलेल्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर अवघे ५ दिवस. शिबिरे मात्र जयंत्या, पुण्यतिथ्या, नेत्यांचे वाढदिवस आणि गणेशोत्सव यांच्या तारखांना भरतात. त्या आठवड्यात रक्तपेढीच्या शीतकपाटात जागा उरत नाही. एप्रिल-मे महिन्यांत परीक्षा, सुट्ट्या आणि उन्हामुळे, तसेच दिवाळीच्या सुटीत, थॅलसेमियाच्या मुलांचे पालक रक्तासाठी दारोदार फिरतात. या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते आणि त्यांच्या आजाराला सुटी नसते. हजार बाटल्यांच्या एका महाशिबिरापेक्षा पन्नास बाटल्यांची वीस शिबिरे वर्षभर पसरून घेणे रक्तपेढीला अधिक उपयोगी पडते. जी मंडळे रक्तपेढीला आधी विचारून तारीख ठरवतात, त्यांचे रक्त वाया जात नाही.

नेत्रशिबिरांनी हा धडा आधी गिरवला. पूर्वी शाळेच्या वर्गखोल्यांत तात्पुरते शस्त्रक्रियागृह थाटून मोतीबिंदू काढले जात. जंतुसंसर्गाने डोळे गमावण्याचा धोका लक्षात आल्यावर पद्धत बदलली. आता गावात फक्त तपासणी होते आणि निवडलेल्या रुग्णांना वाहनाने रुग्णालयात नेऊन भिंगासह शस्त्रक्रिया केली जाते. क्लबचे काम गाडी, जेवण, एका नातेवाइकाची सोय आणि शस्त्रक्रियेनंतरची तपासणी यांत असते. छायाचित्र उद्घाटनाचे छापून येते. रुग्णाचा डोळा वाचतो तो नंतर वेळच्या वेळी झालेल्या तपासणीने. जयपूर फूट, श्रवणयंत्रे आणि तीनचाकी सायकलींच्या वाटपालाही हेच लागू आहे. माप घेणे, बसवणे आणि वर्षभराने दुरुस्ती करणे हे तिन्ही टप्पे ठरलेले नसतील, तर वाटलेली वस्तू माळ्यावर जाते.

स्वयंसेवक घडतो कसा

महाराष्ट्रात स्वयंसेवक घडवण्याची केंद्रेही जुनी आहेत. राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून शाखा, कलापथक आणि श्रमदान शिबिरांतून कार्यकर्ते दिले. बाबा आमटे यांनी १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्याच्या उन्हात सकाळी श्रमदान आणि दुपारी चर्चा या तिच्या रिवाजातून अनेक तरुण पुढे आयुष्यभराच्या कामाकडे वळले. राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांसह सुरू झाली. तीत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास काम करायचे असते आणि दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर असते.

श्रमदानाला अलीकडे स्पर्धेचे रूप पानी फाउंडेशनने दिले. २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांतील ११६ गावांनी पहिल्या वॉटर कपमध्ये भाग घेतला आणि साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातील वेळू गाव पहिले आले. पुढे ही स्पर्धा ७५ हून अधिक तालुक्यांपर्यंत गेली. १ मेच्या महाश्रमदानाला शहरांतून हजारो लोक फावडी-टिकाव घेऊन गेले. स्पर्धेआधी गावकऱ्यांना पाणलोटाचे प्रशिक्षण दिले होते, म्हणून घाम योग्य जागी गळला. समपातळी चर कुठे आणि कशी काढायची हे माहीत नसेल, तर पहिल्याच पावसात ती मातीने भरते.

प्रशिक्षणाचे महत्त्व आपत्तीत सर्वांत ठळक दिसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा राज्यभरातून माणसे धावली. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुले पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. ही मदत पहिल्या पंधरवड्याची नव्हती, पुढच्या अनेक वर्षांची होती. याउलट प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर वापरलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला साचतात, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या मुख्य रस्त्यावरच्या गावांत उतरतात आणि आतल्या वाड्यांना काहीच मिळत नाही. पुरानंतर लोकांना लागतात ते झाडू, फावडी, जंतुनाशके, अंथरुणे, शाळेची दप्तरे आणि वीज-मोटार दुरुस्त करणारे हात. काय हवे ते विचारून पाठवलेला एक टेम्पो न विचारता पाठवलेल्या दहा ट्रकांहून मोलाचा ठरतो.

शहरांतल्या स्वयंसेवेचा प्रश्न निराळा आहे. वाढदिवस वृद्धाश्रमात साजरा करायला माणसे पुष्कळ मिळतात, दर मंगळवारी दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी लेखनिक म्हणून बसायला कमी. अनेक बालगृहांत सुटीच्या दिवशी तीन-तीन गट केक घेऊन येतात आणि इतर दिवशी गणित शिकवायला कोणी नसते. निवृत्त बँक अधिकारी संस्थेचे हिशेब लिहितो, परिचारिका मधुमेहींचा गट चालवते, सुतार शाळेची बाके दुरुस्त करतो, तेव्हा संस्थेचा खरा खर्च वाचतो. प्रत्येकाने आपल्या पेशातले कौशल्य द्यावे, ही अपेक्षा त्यातून येते.

सातासमुद्रापलीकडून

मराठी माणूस परदेशी गेला तरी वर्गणीची वही त्याने सोबत नेली. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे. उत्तर अमेरिकेतील मंडळांनी १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन केले. त्याआधी, १९७८ मध्ये, तिथल्या मराठी मंडळींनी महाराष्ट्र फाउंडेशन काढले होते. महाराष्ट्रातील सामाजिक संस्थांना मदत करणे आणि साहित्य व समाजकार्यातील व्यक्तींना पुरस्कार देणे हे त्याचे काम. दुष्काळी भागासाठी नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५ मध्ये नाम फाउंडेशन सुरू केले, तेव्हाही देश-परदेशांतून अल्पावधीत देणग्या आल्या. ओळखीचा, विश्वासाचा चेहरा समोर असला की पैसा येतो. तो येत राहण्यासाठी चेहऱ्यामागे ताळेबंद लागतो.

टिकलेल्या कामांचे सूत्र

सव्वाशे-दीडशे वर्षांचा हा पट पाहता टिकलेल्या कामांत काही गोष्टी समान दिसतात. त्यांनी देणगीचा आकार लहान ठेवला आणि देणाऱ्यांची संख्या मोठी. त्यांनी एकच विषय धरला आणि वर्षामागून वर्षे सोडला नाही. प्रशासनाचा खर्च आणि लोकांचा पैसा त्यांनी एकमेकांत मिसळला नाही. तारीख त्यांनी गरजेनुसार ठरवली. आणि प्रत्येक देणगीदाराला, मग त्याने पैसा दिला असो की मूठभर जोंधळे, आपले दान कुठे गेले हे कळत राहिले. बंद पडलेल्या उपक्रमांकडेही पैसा पुष्कळदा असतो. तिथे आटलेला असतो तो विश्वास.

दिवाळीच्या दिवसांत अनेक घरांत देणगीची पावती फाडली जाते. ती देताना वाचकाने तीन प्रश्न जरूर विचारावेत. संस्थेचा नोंदणी क्रमांक काय आहे, गेल्या वर्षीचा लेखापरीक्षित ताळेबंद पाहायला मिळेल का आणि पैशाशिवाय कोणते काम करायला माणूस हवा आहे? चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर आठवड्यातले दोन तास त्या कामाला द्यावेत.